मखमलरावांची जागा

रत्नवाडीच्या राजाचा अजगर कुठल्याच पिंजऱ्यात राहीना, आणि त्यापायी सगळा दरबार उपाशी होता.

धुंडिराज महाराजांचा या अजगरावर भारी जीव. चांगला बारा हात लांब, नाव मखमलराव. रोज आठ भोई त्याला पालखीतून दरबारात आणत आणि मानकरी उठून मुजरा करत. तो जेवला नाही की महाराज जेवत नसत, आणि महाराजांच्या आधी घास उचलायची छाती कोणाची?

पहिला पिंजरा चांदीचा झाला. सोनारानं गज इतके नाजूक, इतके लांब लांब बसवले, की मखमलराव मधून सरळ बाहेर आले. मग काचेचा महाल झाला. त्यात ते कोपऱ्यात तोंड खुपसून बसले, समोरच्या कोंबडीकडे ढुंकून बघेनात. शेवटी दिवाण अंताजीपंतांनी संगमरवरी हवेली उठवली, मधोमध कारंजं. माघातली थंडी, त्यात अंगावर पाण्याचे तुषार. मखमलराव खिडकीतून निघून गेले.

आता साधी दुकानदारीची गोष्ट आहे. माल खपेना, तर गिऱ्हाइकाला विचारावं की बाबा, तुला हवंय काय? इथे जो तो महाराजांना आवडेल ते बांधत होता. आत राहायचं होतं अजगराला.

महाराज चिडले. "पिंजरे पुरे झाले. आता मखमलरावच जागा निवडतील. ते आपणहून जिथे वेटोळं घालून झोपतील, ती जागा त्यांची. मग ती कोणाची का असेना! आधीच्या धन्यानं दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत बाहेर व्हावं. आणि त्यांना झोपेतून उठवेल त्याची गाढवावरून धिंड काढू."

दवंडी पिटली गेली. त्या वेळी मखमलराव गडाच्या पायथ्याशी ठमा भडभुंजिणीच्या घरात होते. ठमा भट्टीवर तापल्या वाळूत चुरमुरे भाजून विकायची. घरात ती आणि तिची आंधळी सासू, दोघीच.

"ठमे, माझे पाय कुणी गं धरलेत?" सासूनं विचारलं.

ठमानं वळून पाहिलं. भट्टीला पाठ लावून अजगर पसरला होता. शेपटी सासूच्या पायांवर, आणि ठमाच्या दोन्ही कोंबड्या त्याच्या पोटात.

"हलू नका, सासूबाई. सरकारी माणूस आहे."

"एवढा जड?"

"जेवून बसलाय."

तेवढ्यात दिवाणजी शिपायांसह दारात आले. मखमलराव जेवले म्हणजे महाराज जेवणार, महाराज जेवले म्हणजे आपण! त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण हुकूम तो हुकूम. "बाई, उद्या सूर्य मावळायच्या आत घर मोकळं कर."

"आणि ही म्हातारी कुठे नेऊ?"

"त्याबद्दल हुकुमात काही नाही."

ठमा भांडली नाही, रडली नाही. तिनं भट्टीत लाकडं सारली आणि अजगराकडे बराच वेळ बघत राहिली. सकाळी तिनं घर आवरलं, भट्टी विझवली, तापलेली वाळू जाड गोणपाटात भरून वरून जुनी गोधडी शिवली आणि ते ओझं डोक्यावर घेऊन दरबारात गेली. सासू तिचा पदर धरून मागे.

"घर सोडलं, महाराज. जाता जाता एक भेट आणलीय. बसायची गादी."

महाराजांनी सिंहासनावर ती ठेवून घेतली, नाखुशीनं टेकले, आणि त्यांचा चेहरा लोण्यासारखा वितळला. "अंताजीपंत, इतकी वर्षं आम्ही दगडावर बसत होतो काय?"

पालखी आली. भट्टी विझल्यावर आपणहून जागे झालेले मखमलराव खाली उतरले, गारठलेल्या फरशीवर कुरकुरल्यासारखे इकडेतिकडे सरकले. दुपारी महाराज मोठ्या आनंदानं जेवायला उठले. हात धुऊन परत येतात तो सिंहासनावर मखमलराव! बारा हातांचं वेटोळं, वर डोकं, आणि गाढ झोप.

"उठवा त्यांना," महाराज म्हणाले.

कोणी हलेना. गाढव सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं.

महाराजांनी ठमाकडे पाहिलं. "हे तू मुद्दाम केलंस."

"मी फक्त गादी दिली, महाराज. हुकूम आपला आहे."

"मग आम्ही बसायचं कुठे?"

"उद्या सूर्य मावळेपर्यंत अवकाश आहे, सावकाश आवरा. माझं घर सकाळीच झाडून ठेवलंय, भट्टीही नीट आहे. फक्त चुरमुरे भाजताना हात थांबवू नका. करपले की गिऱ्हाईक तोंडावर बोलतं, ते राजा-बिजा बघत नाही."

मग महाराजांच्या मिशा हलल्या, पोट हललं, आणि ते असे हसत सुटले की मखमलरावांनी डोकं उचललं, बघितलं आणि परत ठेवलं.

"हुकूम मागे घेतला," महाराज डोळे पुसत म्हणाले. "पण बाई, यांना जागा कशी हवी ते तरी सांग."

"बुडाला ऊब, डोक्यावर छप्पर, एका कोपऱ्यात गारवा आणि प्यायला पाणी. अंग पसरता येईल एवढी लांबी, आणि खिडकीला दाट जाळी. माझ्या भट्टीच्या भिंतीला लागून परसात खोली बांधा. भिंत एकच. अलीकडे आम्ही, पलीकडे ते."

खोली बांधली, मखमलराव तिथे जे पसरले ते पसरले. ठमाला घर कायमचं मिळालं, दोन कोंबड्यांच्या जागी खुराडंभर कोंबड्या आल्या, आणि भट्टीची लाकडं जन्मभर सरकारातून. ती वेळेवर पोचतात की नाही हे बघायचं काम दिवाणजींकडे.

वाळूची गादी रोज सकाळी ताजी गरम होऊन गडावर जाऊ लागली. महाराज मात्र तेव्हापासून जेवायला उठले, की ती काखेत मारूनच उठत.