दोर शिवून येणारी सून

कधीची गोष्ट म्हणाल, तर त्या वेळच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही, इतकी जुनी.

एका रुंद नदीकाठी एक गाव होतं. गाव या काठाला, शेतं त्या काठाला. पूल नव्हता. दोन्ही काठांवरच्या दोन चिंचांना एक जाडजूड दोर बांधलेला असे. नावाडी नावेत उभा राहून तो दोर धरी आणि हातापुढे हात टाकत नाव पलीकडे ओढून नेई. नावेत माणसं असोत की बैल, ती सरकायची नावाड्याच्या हातांवर, पाठीवर आणि मांड्यांवर.

गाव त्याला धान्य देई आणि काठावरचं दगडी घर देई. घर नावेबरोबर चाले. ज्याची नाव, त्याचं घर.

एका हिवाळ्यात म्हातारा नावाडी वारला. त्याचा एकुलता मुलगा दोन वर्षांपूर्वीच तापाने गेला होता. घरात दोघी उरल्या: नावाड्याची बायको आणि विधवा सून. सासू डोळ्यांनी अधू होती, जिभेने धडधाकट. सून अंगाने अशी, की वारा आला तर पदराआधी तीच उडेल.

नावेवर हक्क सांगायला नावाड्याचा पुतण्या आला. एवढा रुंद, की दारातून आत येताना तिरका व्हायचा.

"काकू, काळजी करू नका," तो म्हणाला. "घर माझं झालं तरी ओसरी तुमचीच. वहिनींनी मात्र माहेर गाठावं. दोन बायका पोसणं मला झेपायचं नाही."

"छाती बघावी तर किल्ल्याच्या दरवाजाएवढी," सासू म्हणाली, "आणि दोन भाकऱ्या झेपत नाहीत म्हणे!"

माहेरी सुनेला काय होतं? भावजयीच्या नजरेखाली गिळायचा घास. आणि इकडे ही म्हातारी ओसरीवर, चाचपडत पाणी शोधत. दोघींना ते दिसत होतं. अधू डोळ्यांनाही दिसत होतं.

गावाची एक रीत होती. पुराने तुटू नये म्हणून पावसाळ्यात दोर काढून ठेवायचा. चार महिने नाव काठावर पालथी; पिकं रब्बीची, म्हणून अडत नसे. पाऊस सरला की दोर पुन्हा बांधायचा, आणि नावाडी ठरायचा असेल तर त्याच दिवशी ठरवायचा. भरलेली नाव जो एकट्याने पार नेईल, त्याची. तोवर ज्याला पलीकडे जायचं, त्याने स्वतः ओढून जावं.

"मीही ओढीन," सून पाटलाला म्हणाली.

पाटील हसला नाही. बाकी सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती इरेला पेटून गेली. रिकामी नाव तीनदा पलीकडे नेली, तीनदा परत आणली. तिसऱ्या दिवशी तळव्यांना फोड आले, पाठ धरली आणि ती अंथरुणाला खिळली. चार दिवस गेले. फोड सुकले, पाठ सुटली, तरी ती उठेना.

"ऊठ," सासू म्हणाली.

"आत्याबाई, आज मन होत नाही."

"मनाला कोण विचारतंय? पाय चालतात ना?"

"पाय चालतात. हात चालत नाहीत."

"मग ओढू नकोस. नुसता दोर शिवून ये."

"नुसता शिवून? त्याने काय होणार?"

"ते मला कळतं. तू हात लाव आणि परत ये. शिवून आल्याशिवाय पिठाला हात लावायचा नाही."

सून रागारागाने गेली. दोराला हात लावला. एवढं आलोच आहोत, म्हणून नावेत पाय टाकला. दहा हात ओढलं आणि परत आली. "भाकरी टाक," सासू एवढंच म्हणाली.

तेव्हापासून तेच चाललं. कधी दहा हात, कधी वीस. एकदा अंगात ताप होता, तेव्हा घोंगडी गुंडाळून गेली, दोर शिवला आणि येऊन निजली. पाणवठ्यावरच्या बायकांना आयती करमणूक झाली.

"अगं, ही दोराशी शिवाशिवी खेळते!"

"शिवून शिवून झिजवशील गं त्याला!"

सून नावेकडे चालू लागे. उत्तर सासूकडे तयार असे. "दोर नाही झिजायचा," ती ओसरीवरून ओरडली. "तुमच्या जिभा मात्र झिजायला आल्यात!"

पहिला महिना काहीच दिसलं नाही. तुम्हालाही दिसणार नाही, म्हणून सांगून ठेवते. पुढे चाळीस हातांना दमणारी सून साठाला दमू लागली. उन्हाळा आला तेव्हा ती एका दमात पलीकडे जाऊ लागली. आनंदाने नाचली वगैरे नाही. परत आली आणि भाकरी टाकली.

पुतण्या काय करत होता? एकदा येऊन त्याने गावासमोर नाव एका झटक्यात नेऊन आणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो आलाच नाही. गाव शेतकऱ्यांचं होतं, कणगीत दाणे भरून वर्ष काढणारं. ताकदही तशीच, असं सगळे मानत. देवाने अंगात भरून दिलेली, जपून काढायची. उधळली की खडखडाट.

"वहिनी रोज उधळतायत," पुतण्या पारावर सांगे. "मी साठवतोय."

माना डोलत. पुतण्या तूप खाई आणि सावलीत बसे. मधूनच त्याला धास्ती वाटे. मग एखाद्या दिवशी तो दोनशे जोर मारी, आठ दिवस कण्हत पडे आणि एवढी ताकद फुकट सांडली म्हणून हळहळे.

सुनेच्याही कानावर ते गेलं. तिने घाबरून विचारलं, "आत्याबाई, खरंच संपेल का हो माझी? आधीच थोडी."

"ताकद म्हणजे काय कणगीतले जोंधळे?" सासू म्हणाली. "ते म्हशीचं दूध आहे. पिळत राहिलीस तर येत राहील. चार दिवस कास सोडलीस की आटलं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

म्हातारीने आपले तळवे पुढे केले. सुनेने ते आजवर नीट पाहिलेच नव्हते. बोटांच्या मुळाशी जुने, पिवळे घट्टे होते.

"तुझ्या सासऱ्याचा खांदा दर थंडीत धरायचा," ती म्हणाली. "तेव्हा पहाटेची पहिली खेप कोण ओढत होतं? अंगावर त्याची घोंगडी, डोक्याला त्याचं मुंडासं. धुक्यात कोण बघतंय?"

पावसाळा आला. दोर उतरला, नाव पालथी झाली. सून हात मांडीवर ठेवून बसली.

"आता काय शिवू?"

"माळ्यावर जुना दोर आहे. तुळईवरून टाक. टोकाला टोपली बांध. टोपलीत दगड घाल."

पहिल्या दिवशी चार दगड होते. दर आठवड्याला एक वाढे. सून टोपली वर ओढी, खाली सोडी. सासूला दगड दिसत नसत, पण टोपली खाली टेकली की ते वाजत, आणि म्हातारी कान लावून बसलेली असे.

"काल नऊ वाजत होते. आज आठच."

"तुम्हाला भास होतो, आत्याबाई."

"नववा चुलीमागे लपवलायस. आण तो."

चुलीमागून नववा दगड आला.

पाऊस सरला. दोर पुन्हा बांधला गेला. पाणी अजून फुगलेलं होतं आणि मधल्या धारेला जबर ओढ होती. नावेत पाटील बसला, दोन जाणती माणसं बसली, एक बैल आणि चार पोती चढली. ठरलं असं, की जाताना पुतण्याने ओढायचं, येताना सुनेने; म्हणून तीही नावेत बसली.

"मीही बसणार," सासू म्हणाली. "दिसत नसलं तरी ऐकू येतं."

पुतण्याने दोर धरला आणि नाव अशी निघाली की पाण्याला फेस आला. काठावर आरडाओरडा झाला. पाव नदी गेली, अर्धी नदी गेली. मग मधली धार लागली.

तिथे झटका चालत नाही. तिथे नुसतं धरून, न थांबता ओढत राहावं लागतं. पुतण्याचे खांदे थरथरू लागले. इतके महिने सावलीत राहिलेले तळवे लोण्यासारखे सोलले आणि दोर त्यांतून निसटू लागला. नाव तिरपी झाली. कडेवरून पाणी आत आलं. बैल हंबरला.

"काकू!" पुतण्या ओरडला.

"मला कशाला हाका मारतोस? वहिनीला मार!"

हाक मारायची गरज पडली नाही. सून उठली होती. पुतण्याच्या हातांच्या पुढे तिने दोर धरला आणि ओढू लागली. घाई नाही, झटका नाही. एक हात, मग दुसरा. नाव सरळ झाली. धार तिलाही जड गेली. साठेक हात उरले असताना तिच्याही दंडांत गोळे आले आणि मन म्हणालं, बस.

मनाला कोण विचारतंय? पुढचा दोर नुसता शिव, तिने स्वतःला सांगितलं. शिवला. शिवलाच आहे, तर ओढ. ओढला. असा एकेक हात करत नाव पलीकडे टेकली.

पाटील उतरला आणि म्हणाला, "ठरलं. नाव तुझी."

"येताना मी ओढायचं ठरलंय," सून म्हणाली. "बसा, पाटील."

आणि तिने नाव परत आणली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती निवांत पडून होती.

"ऊठ," सासू म्हणाली.

"आत्याबाई, जिंकलो की आता!"

"ते काल. लोकांना शेतावर आज जायचंय."

सून उठून काठावर गेली. तिथे पुतण्या बसला होता, दोन्ही तळव्यांना हळद आणि चिंध्या.

"वहिनी," तो खाली बघत म्हणाला, "मला शिकायचंय. पण हात चालत नाहीत."

"मग ओढू नका, भाऊजी. दोर शिवा आणि घरी जा."

त्याने चिंधीतलं एक बोट दोराला लावलं आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशीही आला. पुढे पुष्कळ वर्षांनी, सासूच्या माघारी, सुनेचे हात थकले, तेव्हा नाव त्याच्याकडे गेली, घरही गेलं. पण त्याने वहिनीला माहेरी पाठवलं नाही, ओसरीवरही ठेवलं नाही. ती घरात राहिली, चुलीजवळच्या जागी, आणि पहाटे त्याला "उठा" म्हणायचं काम तिच्याकडे आलं.

बोध एवढाच: ताकद साठवून टिकत नाही, रोज वापरून टिकते; आणि ज्या दिवशी मन होत नाही, त्या दिवशी निदान दोर शिवून यावं.