डालग्यातून खुराड्यात

माणसांना कोंबड्यांचं बोलणं कळायचं, तेव्हाची ही गोष्ट. कवडी कोंबडीची लेक ठिपकी आईबरोबर बांबूच्या डालग्याखाली झोपायची. आता तिला मोठ्यांच्या खुराड्यात जायचं होतं. "तिथे सगळ्या लाड करतात गं," कवडी रोज सांगायची.

पहिल्याच संध्याकाळी ठिपकी धावत परत आली. "आई, तिथे टोचतात! तू खोटं बोललीस!"

कवडीने पंख उघडला. ठिपकी आत शिरली नाही, लांबच बसली. कवडी हबकलीच.

सकाळी ती लेकीला घेऊन रिकाम्या खुराड्यात गेली. "इथे म्हातारी तांबडी बसते. ती टोचते. मलाही टोचायची. तू त्या खालच्या दांडीवर बस."

ठिपकीने दांडीवर उडी मारून पाहिली. मग विचारलं, "आणि पाणी कुठे असतं?"