वीतभर आखूड दोरी

फार जुनी गोष्ट. हिरू उंच कड्यावरचा मध काढायचा. जाड दोराला तो स्वतः लटकायचा, बारीक दोरीला मधाचा डबा. कमरेचा छोटा चाकू मात्र नुसता बसून असायचा. हिरू त्याला रोज धार लावायचा, पण त्याने कधी कांदासुद्धा चिरला नव्हता.

"काय राजे, आजही आरामच ना?" दोरी चिडवायची. चाकू बिचारा लाजून म्यानात आणखी आत सरकायचा.

एके दिवशी माश्या उठल्या. हिरू झोक्यासरशी फिरला आणि दोरीचा वेढा त्याच्या गळ्याला बसला. खाली भरलेला डबा लोंबत होता, वेढा आवळतच चालला. हिरूने कसाबसा चाकू काढून दोरीला लावला, पण चाकूला धीर होईना.

"काप की मेल्या!" दोरी ओरडली.

"मावशी, पण तू?"

"मी तुटले तर गाठ मारून जोडता येईल. हिरूला जोडता येईल का?"

चाकूने डोळे मिटले. डबा दरीत गेला. हिरू वाचला.

हिरूने दरीतून तुकडा शोधून आणला, गाठ मारली. दोरी वीतभर आखूड झाली. पण आता कड्यावर उतरण्याआधी तीच पहिल्यांदा विचारते, "आमचे राजे आले ना?"

आले म्हटल्यावरच ती डबा उचलते.