सगुणानं न उघडलेल्या पेटीची कहाणी

ऐक शारदे, तुझी कहाणी. जवळ बसल्या आहेत त्यांनी ऐका, दारात उभ्या आहेत त्यांनी ऐका. पदराआड फोन धरून बसल्या आहेत त्यांनी तो आधी पाटाखाली ठेवा, मग ऐका.

आटपाट नगर होतं. नगराला एक नळ होता. नळाला पाणी सातला यायचं, बातमी पावणेसातलाच यायची. एके दिवशी हंड्यांची रांग लागली. पुढची बाई मागचीला सांगू लागली, "ऐकलंस का गं? शाळेतल्या सगुणानं म्हणे शेटाणीचा फोन दुधात..." एवढ्यात पाणी आलं. हंडे खणाणले, रांग सरकली, बोलणं अर्धं राहिलं. मग काय झालं? जिनं तिनं ते आपापल्या घरी पुरं केलं. एक म्हणाली, दुधात बुडवला. दुसरी म्हणाली, बुडवला कसला, उकळला. तिसरी म्हणाली, उकळला, आणि दूध उतू जाईपर्यंत वाजत होता म्हणे!

खरं काय ते कुणी सांगावं? जिची खिडकी सगुणाच्या अंगणात उघडते तिनं सांगावं. ऐका.

त्या नगरात एक शाळा होती. शाळेत साठ पोरं होती, साठ पोरांचे साठ फोन होते. मास्तर फळ्यावर लिहीत, पोरं बाकाखाली बघत. मधली सुट्टी होई, पोरं भिंतीला टेकून बसत. माना खाली, अंगठे चालू. मैदानात गवत वाढलं, गवतात गाय चरू लागली. डबे अर्धे परत येऊ लागले. आया म्हणाल्या, भाजीच बिघडली असेल.

त्या शाळेत सगुणा नावाची सेविका होती. घंटा वाजवायची, पिंपं भरायची, वर्ग झाडायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. एक लेक होती कावेरी, नववीत होती. तिचा आवाज कसा होता? ती धडा वाचू लागली की बाहेर सगुणाचा झाडू थांबायचा.

एके दिवशी काय झालं? मराठीच्या तासाला कावेरी वाचायला उभी राहिली. मधेच अडखळली. ओळ सापडेना. मागच्या बाकावरून कुणीतरी फोन उभा धरला. तिचं अडखळणं टिपलं, त्याला बकरीचं बें-बें जोडलं, नगरभर पाठवलं. वाण्याच्या दुकानात बघितलं, पिठाच्या गिरणीत बघितलं, नळावर बघितलं. बघितलं की नाही, बायांनो? बघितलं, आणि हसलोसुद्धा.

कावेरी घरी आली. जेव म्हटलं, जेवली नाही. बोल म्हटलं, बोलली नाही. तिसऱ्यांदा जवळ घेतलं, तेव्हा म्हणाली, "आई, शाळेत जाईन. पण शाळेत तोंड उघडणार नाही." एक महिना गेला, दोन गेले, पाच गेले. हजेरीला पोर नुसता हात वर करायची. बाई वाच म्हणाल्या की खाली बघायची. सगुणाचा झाडू आता थांबेना, आणि तेच तिला सोसेना.

मग एक दिवस सगुणा पिंपापाशी बसून रडू लागली. तिथं एक म्हातारी आली. पांढरं लुगडं, काखेत पोथी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. म्हणाली, "बाई बाई, पाणी दे." सगुणानं तांब्या भरून दिला. म्हातारी प्याली, तोंड पुसलं, म्हणाली, "बाई बाई, का रडतेस?"

"रडू नको तर काय करू? माझ्या लेकीची वाचा गेली."

"कुणी नेली?"

"साठ फोनांनी नेली."

"मग रडून काय ते परत देणार आहेत? तुला वसा सांगते तो घे. पण घेशील, आणि कुणा मोठ्या माणसानं डोळे वटारले की टाकशील."

"नाही टाकणार, आजी. घेईन तो पुरा करीन."

मग सगुणानंच विचारलं, "तो वसा कधी घ्यावा?"

"शाळेची पहिली घंटा होईल तेव्हा घ्यावा. एक पेटी मांडावी, पेटीला कुलूप लावावं, किल्ली कमरेला खोचावी. लहानांनी फोन ठेवावे, थोरांनी ठेवावे, पाव्हण्यांनी ठेवावे. उशिरा येईल त्यानं वरच्या फटीतून आत सोडावा. शेवटच्या घंटेपर्यंत पेटी उघडू नये. कुणी गोड बोललं तरी उघडू नये, कुणी लालूच दिली तरी उघडू नये, कुणी धमकावलं तरी उघडू नये."

"आणि घरून अडीअडचणीचा निरोप आला तर?"

"कचेरीत काळा फोन आहे ना? निरोप तिथं यावा. तू पळत जावंस आणि पोराच्या कानात सांगावंस. पायांना काय झालंय तुझ्या?"

असं म्हणून म्हातारी फाटकाबाहेर गेली. सगुणा तांब्या ठेवून मागं धावली, तो रस्त्यावर कुणी नाही.

मग सगुणा थोरल्या बाईंकडे गेली. थोरल्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका दमयंतीबाई. त्या म्हणाल्या, "अगं सगुणा, खुळी की काय? पालक माझं डोकं खातील. पोरं ऐकायची नाहीत." हे बोलताना नजर कुठं होती? हातातल्या फोनात होती. सगुणा म्हणाली, "पोरं ऐकतील, बाई. आधी तुमचा ठेवा." दमयंतीबाईंनी वर बघितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा सगुणाकडे नीट बघितलं. मग ओशाळल्या, आणि म्हणाल्या, "पेटी कुठाय?"

पेटी कुठली? देवळानं नवी दानपेटी केली होती, जुनी अडगळीत पडली होती. सगुणानं ती मागून आणली, घासली, सुताराकडून फट रुंद करून घेतली. फोन एकमेकांवर घासू नयेत म्हणून थैल्या हव्या होत्या. कापड कुठलं आणायचं? घरोघरच्या मोडक्या छत्र्या मागितल्या. त्यांचं काळं कापड उसवलं, नाडीच्या थैल्या शिवल्या, दोऱ्यानं नावं घातली. आठ दिवस तिच्या घरात मशीन खडखडत होतं. शेजारणीची दुपारची झोप गेली, पण तिनंही चार थैल्या शिवून दिल्याच.

पहिल्या दिवशी पोरांनी आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी तोंडं पाडून बसली. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकीनं दप्तरातून दोरी काढली. मग उड्या सुरू झाल्या, मग लंगडी सुरू झाली, मग भांडणं सुरू झाली. गाय आपली उठून दुसरीकडे चरायला गेली. डबे पुसून परत येऊ लागले. आया म्हणाल्या, भाजी सुधारली बहुतेक.

आणि आपल्या नगराची रीत काय? काही पाटावर मांडलं की बायकांना त्याला कुंकू लावल्याशिवाय राहवत नाही. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत बायका तबक घेऊन येऊ लागल्या. पेटीला हळदकुंकू वाहत, फुलं वाहत, चणेगूळ वाटत.

सगळं झालं, पण कावेरी बोलली नाही. सगुणा मनात म्हणाली, वसा नवा आहे, धीर धरावा.

आता नगरात एक शेट होता. शेट शाळेचा अध्यक्ष होता. त्याची शेटाणी रत्नप्रभाबाई, तिची लेक रेणू. शेटाणीला दिवसातून तीनदा लेकीला फोन करायची सवय. डबा खाल्लास का, भाजी कशी झाली, मान दुखत नाही ना. फोन लागेना, तशी तिच्या जिवाला चैन पडेना.

मग ती गाडीत बसून आली. गोड बोलली. "सगुणाबाई, तुम्ही शहाण्या. रेणूचा तेवढा काढून द्या. डबा खाल्ला का विचारायचंय."

सगुणा म्हणाली, "ती बघा ती, लिंबाखाली खातेय. इथूनच विचारा."

"फोनवर विचारायचंय मला!"

"मग शेवटच्या घंटेनंतर विचारा."

दुसऱ्यांदा आली. जरीचं लुगडं घेऊन आली. "हे घे, आणि किल्ली घटकाभर दे." सगुणानं लुगड्याचा काठ बोटांनी चाचपला. चांगलं होतं, खोटं कशाला बोला? घडी घालून परत दिलं. "झाडताना जरीचा काठ टोचतो, बाईसाहेब."

तिसऱ्यांदा आली. पायरी चढतानाच ओरडली, "नवऱ्याला सांगून उद्या तुला काढून टाकीन!"

सगुणाच्या डोळ्यांसमोर चूल आली, लेक डोळ्यांसमोर आली. पण तिनं कमरेवर हात ठेवला. म्हणाली, "काढा. घंटा दुसरं कुणी वाजवील. पण आज किल्ली माझ्याकडे आहे, आणि आज पेटी उघडायची नाही."

शेटाणीनं मनात काही ठरवलं. शुक्रवार आला. मधल्या सुट्टीत बायका जमल्या, शेटाणीही आली. रेशमी पातळ, हातात चांदीचा तांब्या. फाटकात सगुणानं थैली पुढं केली. "बाईसाहेब, फोन." शेटाणी थैलीकडे बघून नाक मुरडत म्हणाली, "असल्या छत्रीच्या चिंधीत माझा फोन?" आणि तिनं नुसताच फोन फटीतून आत टाकला.

हळदकुंकू झालं, फुलं झाली, आरती झाली. मग शेटाणी म्हणाली, "देवीला अभिषेक नको का?" आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिनं तांब्याभर दूध फटीतून पेटीत ओतलं.

बायका किंचाळल्या. मास्तर धावले. शेटाणी म्हणाली, "अगं बाई, चुकलंच माझं! आता उघडावीच लागेल हो पेटी. उघड, सगुणा, फोन भिजताहेत." असं म्हणून हसली. मग हसता हसता थांबली. सगळ्यांच्या वर, फटीच्या बरोबर खाली, थैलीवाचून कुणाचा फोन होता? तिचाच होता. "अगं माझा फोन! उघड, उघड!" आता ती खरी ओरडत होती.

दमयंतीबाई म्हणाल्या, "सगुणा, उघड." गणिताचे मास्तर म्हणाले, "सगुणाबाई, उघडा हो." बायका म्हणाल्या, "उघड गं, कसला हट्ट!" सगुणानं काय केलं? पदर खोचला आणि पेटीवर जाऊन बसली. म्हणाली, "थैल्या छत्रीच्या कापडाच्या आहेत. त्यांनी पावसाळे काढलेत, तांब्याभर दूध त्यांना काय करतंय? शेवटच्या घंटेला दोन तास आहेत. वर्गात चला." तोंडानं असं म्हणाली, पण मनात आलं, एखादी शिवण उसवली असली तर?

दोन तास ती पेटीवर बसून राहिली. घंटेची वेळ झाली तशी उठली, घंटा वाजवली, मग कुलूप काढलं. थैल्या वरून ओल्या, आतून कोरड्या ठणठणीत. साठ पोरांचे साठ चालू, मास्तरांचे चालू, बायकांचे चालू. शेटाणीचा तेवढा दुधात न्हालेला. दाबला, लागला नाही. झटकला, लागला नाही. उन्हात धरला, लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेट शाळेत आला. दालनात सगळी शाळा बसवली. शेटाणी म्हणाली, "हिनं माझा फोन दुधात घालवला. हिला काढा." शेटानं विचारलं, "कुणी पाहिलं?" दमयंतीबाई कॅलेंडरकडे बघू लागल्या. मास्तर पंख्याकडे बघू लागले. रेणू आपल्या बुटांकडे बघू लागली. सगुणा कुणाकडेच बघेना. तिला कळलं, नोकरी गेली.

तेवढ्यात मुलींच्या रांगेत कुणीतरी उभं राहिलं. कोण? कावेरी.

"मी... मी पाहिलं," ती म्हणाली, आणि अडखळली. ओठ हलले, शब्द येईना. कुणी फोन उभा धरला नाही. साठ पोरांचे हात मांडीवर रिकामे होते. पोरं तिच्याकडे बघत होती, नुसती बघत होती, पुढं काय म्हणते म्हणून. मग कावेरी बोलली, आणि अशी बोलली की फाटकाबाहेरची माणसं थांबली. "दूध माझ्या आईनं नाही ओतलं. बाईसाहेबांनी ओतलं. फोन त्यांनी थैलीत ठेवला नाही. आणि आईनं पेटी उघडली नाही, दोन तास उघडली नाही, हेही खरं आहे. मी पायरीवर होते. मी सगळं पाहिलं."

शेट सगुणाकडे वळला. "दोन तास तसंच राहू दिलंस?"

"राहू दिलं," सगुणा म्हणाली. "खोटं नाही बोलणार."

"आमच्या घरचं नुकसान दिसलं नाही तुला?"

"दिसलं, शेटजी. त्याआधी माझ्या घरचंही झालं होतं. पाच महिन्यांच्या वर ही पोर मुकी होती. तिच्यासाठी कुणी चौकशीला बसलं नाही. मला काढायचं तर काढा. पण मी असेन तोवर सोमवारी पेटी मांडणार."

तेवढ्यात शेटाच्या खिशात फोन वाजू लागला. मोठ्यांदा वाजला, लावणीसकट वाजला. पोरं खुदकन हसली. शेटानं तो बंद केला, वर बघितलं, तो समोर सगुणा उभी. हातात काळी थैली, नाडी सोडलेली. शेटानं बायकोकडे बघितलं, कावेरीकडे बघितलं, साठ पोरांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मग फोन थैलीत घातला. सगुणाला काढायचं पुन्हा कुणी बोललं नाही.

मग नळावरची बातमी किती खरी? दूध खरं, फोन खरा, शेटाणी खरी. ओतणारा हात सगुणाचा नव्हता. पण न उघडणारा हात मात्र तिचाच होता, आणि ते ती आजही नाकारत नाही.

जशी सगुणाला शारदा पावली, तशी तुम्हां-आम्हां सगळ्यांना पावो. जशी तिच्या लेकीला वाचा मिळाली, तशी घरोघरच्या लेकरांना मिळो. नळावर साठ तोंडांनी सांगितलेली ही कहाणी, पाच जणींच्या साक्षीनं, इथं सुफळ संपूर्ण.