माफीची उलटी खेप

भुजंगराव इनामदारांनी पंगतीत पाहुण्यांदेखत बायकोच्या आमटीला नावं ठेवली, आणि घरात अबोला सुरू झाला. शेवटी त्यांनी आत्याबाईंकरवी स्वयंपाकघरात निरोप धाडला, “तिला म्हणावं, आम्ही माफ केलं!” तरी अबोला सुटेना. भुजंगराव चक्रावले. एवढं मन मोठं केलं, आणखी काय हवं?

आत्याबाई पुन्हा आत जाऊन आल्या. “भुजंगा, तिनं तुला माफ केलंय हो.”

“मला? माझा काय गुन्हा?” भुजंगराव कडाडले.

“तुझेच शब्द, बाबा. मी नुसते उलट्या वाटेनं आणले.”

भुजंगराव पुरते गोंधळले. “मग काय सांगू?”

“खरं असेल ते.”

“सांगा... एकट्याला घास उतरत नाही.”

आत्याबाई जागच्या हलल्याही नाहीत. दाराआडून आवाज आला, “आत्याबाई, त्यांना म्हणावं, आज दोन पाट मांडते.”