पाळीची काठी

पळसटोली गावाची एक रीत होती. पाळीची काठी ज्याच्या दाराशी, त्याने दिवसभर जंगल राखायचं आणि संध्याकाळी काठी शेजाऱ्याच्या दाराला टेकवायची. या काठीच्या जोरावरच बोडका डोंगर पुन्हा हिरवा झाला.

झाडं मोठी झाली म्हटल्यावर आमदारसाहेब पाटी घेऊन हजर झालेच. पाटीवर लिहिलं होतं, ‘हे जंगल आमदारसाहेबांनी उभं केलं.’

त्या दिवशी पाळी रैजाबाईची होती. तिने हातातली काठी पुढे केली. “साहेब, जंगल तुम्ही उभं केलंत ना? मग घ्या, उद्याची राखण तुमची.”

साहेब दचकून मागे सरले. “छे, छे! राखणीशी माझा काय संबंध?”

“मग पाटीवर तेवढंच लिहा की,” रैजाबाई म्हणाली.

सगळं गाव खो खो हसलं. तिचा शेजारी दसरू तर सगळ्यांत मोठ्याने. साहेबांनी पाटी गाडीत टाकली आणि काढता पाय घेतला.

संध्याकाळी रैजाबाई काठी घेऊन दसरूच्या दाराशी गेली. तो अजून हसतच होता. काठी पाहून म्हणाला, “उद्या नाही जमायचं, काकी. हल्ली कोण जातंय राखणीला?”

साहेबांना दिलेलं उत्तर तिच्या ओठांवर आलं, पण आपल्याच माणसाला ते तिला देववेना. काठी तिने कालच्यासारखीच स्वतःच्या दाराला टेकवली.