टिकटिक्या : शून्य

श्रावणातला सोमवार, सकाळी साडेसात. वाघदेवाची राई, देवाच्या नावाने राखलेलं सव्वाचार एकर रान.

"किती घावले म्हणून लिहिलंस?" धाकू झोरे या म्हाताऱ्या धनगराने विचारलं.

"शून्य," निरंजन वाळिंबे म्हणाला.

प्रश्न टिकटिक्याचा होता. नखाएवढा बेडूक, पाचोळ्यात राहणारा. या राईबाहेर तो आजवर कुणालाच सापडलेला नाही. राईतून रस्ता न्यायचा, म्हणून पाचशे पानांचा अहवाल झाला. बेडकाला त्यात अर्धी ओळ. खाली सही प्राणिशास्त्राचे डॉक्टर निरंजन वाळिंबे यांची. गुरुवारी झाडं तोडायला माणसं येणार होती.

या डॉक्टरला टिकटिक्याचा आवाज ओळखायला झोऱ्यांनीच शिकवलं होतं. तीन पावसाळे, अनवाणी फिरवून.

"तात्या, पद्धतशीर पाहणी झाली. दिसला नाही तर शून्यच लिहावं लागतं. मायेवर अहवाल होत नाहीत."

"खरं हाय... पाय दे हिकडं."

"कशाला?"

"जळू लागलीय, शहाण्या."

म्हाताऱ्याने डॉक्टरचा पाय मांडीवर घेतला. चुन्याचं बोट लावून जळू सोडवली. रक्त आपल्याच धोतराला पुसलं.

"आता पँट झटक. इसरलास व्हय सगळं?"

राईचा नियम आहे. वाळकं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. म्हणून तर तिथे घोटाभर पाचोळा आहे.

निरंजनने गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट उलगडून झटकली. दोन पानं पडली. तिसरं पान नव्हतंच. ते उडी मारून त्याच्या अंगठ्यावर बसलं आणि गळा हलवू लागलं.

"ह्यो बघ, तुझा शून्य!"

म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. निरंजनलाही हसू आलं. पाय मात्र त्याने हलवला नाही.

"मोठा झाला की हा..." तो हळूच म्हणाला.

"तू बी झालास."

बेडूक पाचोळ्यात गेला.

"तात्या, आम्ही चैत्रात पाहणी केली. चैत्रात तो ओरडत नाही."

"कंचा दिस?"

"पौर्णिमा. अहवालात तारीख आहे, सकाळी दहाची वेळही आहे."

झोऱ्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पुनवेला वाघदेवाचं जेवण. सकाळधरनं दिवस बुडंस्तवर अख्खा गाव हितंच हुता. राईत आलेल्याला आमी उपाशी धाडत न्हाई...

"तुला कुणी वाढलं, लेकरा?"